धारवाडचे एक अभ्यासक, हुबळीचे एक विद्वान

गेल्या फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी साडेदहा वाजता गोविंदअण्णा हेब्बळीकर यांनी हुबळीच्या कमरीपेठेतल्या छापखान्यात जाऊन स्वतःच्या पुस्तकाची छपाई थांबवली. सोळापानी सहा फर्मे छापून झाले होते. मालकांनी कारण विचारलं. अण्णांनी एका तळटीपेचा आकडा सांगितला आणि ते बाहेर पडले.

अण्णा धारवाडला माझ्या शेजारी राहतात. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाले. स्वातंत्र्याआधी या भागातल्या वाचनालयांत आणि वादसभांत लोक काय वाचत, राजकारणावर काय बोलत आणि कुणावर चिडत, हा त्यांचा विषय. त्यावरचं एकच पुस्तक ते तीस वर्षं लिहीत होते.

पुराव्याशिवाय ते काही मानत नाहीत. "पाहिलंत की ऐकलंत?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. भाजीवाली यल्लव्वा मेथी आज सकाळची आहे म्हणाली, तर ती काढताना तू शेतात होतीस का, असं ते विचारतात. यल्लव्वा म्हणते, "मेथीलाच विचारा की, अण्णा."

जे कळेल ते पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर लिहायचं आणि चपलांच्या रिकाम्या खोक्यात लावायचं, ही त्यांची पद्धत. ती घरालाही लागू आहे. उद्या नळाला पाणी येणार, असं मी एकदा कुंपणावरून सांगितलं. दोन दिवसांनी त्यांच्या टेबलावर कार्ड दिसलं. "पाणी गुरुवारी. साधन: शेजारी. एकदाच ऐकलेलं. पडताळणी बाकी." मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो, हे त्यांना माहीत आहे. साधन म्हणून माझी किंमत त्यामुळे वाढलेली नाही.

आता मूळ प्रकरण. जुन्या हुबळीत पूर्वी एक वाचनालय होतं. त्याच्या वादसभेत एका संध्याकाळी 'आधी समाजसुधारणा की आधी स्वराज्य' या विषयावर कडाक्याचा वाद झाला. सभेची वही अण्णांना सापडली, पण शेवटचं पान वाळवीनं खाल्लेलं होतं. मतदानात कोण जिंकलं, ते त्याच पानावर असणार. इतर पानांवरून अण्णांनी अनुमान काढलं की सुधारणावाले जिंकले. हुबळीचे प्राध्यापक शेषगिरी सवणूरकर यांनी त्याच पानांवरून सिद्ध केलं की स्वराज्यवाले जिंकले.

एका परिसंवादात दोघांची यावरून जुंपली. त्यानंतर ते भेटले नाहीत. अठ्ठावीस वर्षं वाद चालला तो फक्त तळटीपांतून. नाव घ्यायचं नाही, हा अलिखित नियम. सवणूरकर लिहीत, 'धारवाडचे एक अभ्यासक समजतात तसे नाही.' अण्णा लिहीत, 'हुबळीच्या एका विद्वानांची नजर या ओळीवरून घसरलेली दिसते.' इतिहासाच्या त्रैमासिकाचा नवा अंक आला की अण्णा लेख सोडून आधी पानांच्या तळाशी बघत आणि सापडलं की मोठ्यानं हसत. त्या दिवशी घरात शिरा होई. सुमतीवहिनी सांगतात, "शिव्या खाल्ल्या की यांना गोड लागतं. संसार माझ्याशी, भांडण त्यांच्याशी. माझ्याशी एवढं मन लावून कधी भांडले नाहीत."

छपाई थांबवली त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी, अण्णांकडे एक रोजनिशी आली. त्या वादसभेच्या चिटणिसांची. त्यांच्या नातसुनेनं माळा साफ करताना ती रद्दीतून बाजूला काढली होती. त्या संध्याकाळची नोंद तिच्यात होती. मतदान झालंच नव्हतं. अध्यक्षांच्या गाडीची वेळ झाली, म्हणून दोन्ही पक्ष वाद अर्धवट सोडून त्यांना पोचवायला स्टेशनवर गेले आणि तिथून आपापल्या घरी.

सोमवारी संध्याकाळी अण्णांनी मला हे सांगितलं. मी म्हटलं, तळटीप बदला आणि छापा. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"छापील पानातून त्यांना कळायला नको. आधी सांगायला पाहिजे."

"मग सांगा की."

ते म्हणाले की दोन वर्षं हुबळीहून एकही तळटीप आलेली नाही. गेल्या वर्षीच्या लेखात त्यांनी मुद्दाम एक साल चुकीचं घातलं होतं. शाळेतल्या मुलालाही दिसेल असं. सवणूरकर ते सोडणार नाहीत, अशी खात्री होती. अंक येऊन गेला, पुढचाही आला. कुणीच काही लिहिलं नाही.

"इतक्या वर्षांत माझं सगळं वाचणारा एकच माणूस होता," ते म्हणाले. "तो आहे की नाही, तेवढं बघा. तुमची वर्तमानपत्रातली ओळख असेल."

मी हुबळीच्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. सवणूरकर आहेत, लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत मुलीकडे राहतात, काचबिंदूनं दृष्टी गेली आहे. अण्णांनी हे कार्डावर लिहिलं नाही.

बुधवारी आम्ही चिगरी या जलद बसनं हुबळीला गेलो. रोजनिशी अण्णांच्या मांडीवर होती, धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळलेली.

दार मुलीनं उघडलं. आत सवणूरकर खुर्चीत बसले होते. कोण आलंय, असं त्यांनी विचारलं.

"धारवाडचे एक अभ्यासक," अण्णा म्हणाले.

सवणूरकरांनी चेहरा आवाजाकडे वळवला. "बर्री, कुंड्री," म्हणत त्यांनी हातानं शेजारची खुर्ची चाचपून दाखवली. स्वागत कन्नडमध्ये झालं. पुढचं सगळं मराठीत.

अण्णांनी ती नोंद वाचून दाखवली. सवणूरकरांनी ती दुसऱ्यांदा वाचायला लावली. शाई कोणती, अक्षर एकाच हाताचं आहे का, ते विचारलं. मग म्हणाले, "म्हणजे अठ्ठावीस वर्षं आपण दोघंही गाढव."

"दोघंही," अण्णा म्हणाले.

दोघं इतके हसले की मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"आणि गेल्या वर्षीचं ते साल," सवणूरकर म्हणाले, "मुद्दाम चुकवलंत. हिनं वाचून दाखवलं तेव्हाच कळलं."

"मग उत्तर का नाही दिलंत?"

"हाताला ओळ सापडत नाही. तिला सांगून लिहून घ्यायचं, तर तुम्हाला ज्या शिव्या द्यायच्या त्या मुलीदेखत देता येत नाहीत."

अण्णांनी खिशातून पेन काढलं. पिशवीतून कोरी कार्डं काढली. "सांगा. मी लिहितो."

दुपारी बारापासून चार वाजेपर्यंत सवणूरकर सांगत होते आणि अण्णा स्वतःविरुद्ध लिहीत होते. मध्ये मुलीनं भाकरी आणि बदनेकाईची, म्हणजे वांग्याची, भाजी वाढली, ती त्यांनी कार्डं बाजूला न ठेवताच खाल्ली.

"'लेखक निष्काळजी आहेत.' लिहिलंत?"

"लिहिलं."

"त्याआधी 'अत्यंत' घाला."

"आधीच घातलंय."

पुस्तक जुलैत बाहेर आलं. ती तळटीप अडीच पानांची आहे. खाली शेषगिरी सवणूरकर असं पूर्ण नाव आहे. तिच्यात लेखकाच्या चौदा चुका दाखवल्या आहेत. मी त्या कार्डांशी ताडून पाहिल्या. एकही गाळलेली नाही.