बाळारामकाकांची सहाची गाडी

बाळारामकाका दुसऱ्याच्या घरात शिट्टी वाजवत शिरतात. बेल वाजवण्याची प्रथा त्यांना मान्य नाही. संध्याकाळी सहाला आमच्या दारात शिट्टी घुमते आणि पाठोपाठ हुकूम येतो, "गाडी लागली हाय. माल भरा."

गाडी म्हणजे सुतळी बांधलेला पुठ्ठ्याचा खोका. माल म्हणजे माझ्या पाच वर्षांच्या चिऊची खेळणी. काका आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. वळ गावातल्या मालाच्या गोडाऊनात आयुष्यभर सुपरवायझर होते. निवृत्त झाले, पण ड्युटी काही सुटली नाही. घरी एकटेच, हुकूम द्यायला कोणी नाही, म्हणून ती त्यांनी आमच्या हॉलमध्ये चालू ठेवली. आम्हाला विचारलं नाही, हे सांगायला नकोच.

पद्धत मात्र कडक. जड माल खाली, हलका वर. ठोकळे आधी, बाहुल्या शेवटी, कारण बाहुली म्हणजे 'नाजूक माल'. मग चिऊ खोका ओढत कपाटाकडे नेते आणि काका हात हलवत "येऊ दे, येऊ दे, बस" करत तो मागे लावून घेतात. एकदा अस्वल डोक्यावर उभं भरलं म्हणून त्यांनी सगळी गाडी खाली करायला लावली. माझी पोरगी आनंदाने खाली करत बसली. हीच पोरगी माझ्या हाकेला ढिम्म हलत नसे. मुलांना शिस्त कशी लावावी यावरचे व्हिडिओ मी श्रद्धेने पाहिले होते. त्यांत कुठेच शिट्टी नव्हती.

"पोरांना उचल म्हनलं का उचलत न्हाय," काकांनी मला ज्ञान दिलं. "गाडी सुटंल म्हनायचं."

घर आवरलं जाऊ लागलं आणि तिथेच घात झाला. गाडीला माल कमी पडतो म्हणून चिऊ आधीच कपाट रिकामं करून ठेवू लागली. मग माझे डबे, लाटणं, तिच्या बाबांची चप्पल, सगळंच हॉलमध्ये यायला लागलं. "धंदा वाढला," काका खूश. काल कुकरची शिट्टी 'नाजूक माल' म्हणून कुठेतरी रवाना झाली आणि वरण राहिलं. मी ठरवलं, ही कंपनी आता बंद.

आज दुपारी तेच सांगायला चिऊला घेऊन खाली गेले. दार उघडंच होतं. आम्हाला शिस्त शिकवणाऱ्या माणसाच्या हॉलमध्ये हा पसारा: उलटी पडलेली बस, ठोकळ्यांचा अर्धवट पूल, मधोमध चेंडू. काका त्यातून जपून पावलं टाकत पाणी घेऊन आले. टोमणा माझ्या जिभेवर आलाच होता, तेवढ्यात चिऊने सवयीने बस उचलली. "काका, भरू?"

"ठेव बाय." हा आवाज मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता. "तो ओमचा माल हाय. पार्टी आल्याबिगर माल हलवायचा न्हाय. गोडाऊनचा कायदाच हाय तसा."

ओम त्यांचा नातू. मुलगा आणि सून नोकरीसाठी त्याला घेऊन पुण्याला गेले, एवढं मला ठाऊक होतं.

"गनपतीला येनार होती पार्टी," काका म्हणाले. "आता दिवालीला येल."

चिऊने बस होती तशीच, उलटी ठेवली.

"काका, आज जरा लवकर या," मी म्हटलं. "माल फार पडलाय."

वर आले. हॉल चकाचक होता. मी कपाट उघडलं, भरलेला खोका काढला आणि जमिनीवर उपडा केला.