मास्तरांच्या ओट्याची भार-चाचणी

नागपुरात उन्हाळ्यात माणसे घराबाहेर झोपतात. यामागे कोणतीही चळवळ, तत्त्वज्ञान किंवा शासकीय परिपत्रक नाही. घरात झोपले तर माणूस शिजतो, एवढेच कारण आहे. कवेलूंचे छप्पर दिवसभर जे ऊन पिते, ते रात्रभर खोलीत ओतत बसते. म्हणून चैत्र संपता संपता खाटा अंगणात येतात आणि मृग लागेपर्यंत तिथेच मुक्कामाला असतात.

सिंधूताईंना दमा होता. खोलीत त्यांचा श्वास अर्ध्या वाटेवर अडायचा, उघड्यावर आला की चालायला लागायचा. पण घरापुढे लगेच रस्ता होता आणि मागचे परसदार काळ्या मातीचे. काळी माती उन्हाळ्यात फाटते आणि भेगा अशा पडतात, की खाटेचा पाय सहज आत जावा. एकोणीसशे पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात तो गेलाच. सिंधूताई खाटेसकट कलंडल्या आणि उरलेला उन्हाळा त्यांनी हाताला प्लास्टर घालून खोलीत काढला.

"पुढच्या उन्हाळ्याले तू ओट्यावर झोपशीन," त्यांचे यजमान मधुकरराव म्हणाले.

मधुकरराव हे रिटायर झालेले ड्रॉइंग मास्तर. जन्मभर पोरांना सरळ रेघ मारायला शिकवली, पण वीट म्हणून कधी उचलली नव्हती. त्यांची मुलगी शामला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. जगातल्या बऱ्याच गोष्टी तिला पुस्तकांतून ठाऊक होत्या, पण ओटा कसा बांधतात हे तिच्याही वाचनात आले नव्हते. बापलेकींनी संक्रांतीनंतर कुदळ आणली. काळी माती उपसून भिंतीकडेला ढीग लावला, खड्ड्यात मुरूम भरला, पाणी मारून ठोकला. वर विटा, विटांवर सिमेंट. मास्तरांनी ते इतके घोटले, की त्यात तोंड दिसावे. तीन कोपरे त्यांनी गुण्या लावून काटेकोर काटकोनात साधले आणि चौथा मुद्दाम गोल केला. त्या बाजूने सिंधूताई उतरणार होत्या. नडगीला धार लागू नये.

ओटा पुरा झाला आणि परसदार संपले. उरलेल्या जागेत मातीचा ढीग होता.

ही घरे एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची होती आणि संस्थेला आनंदराव नावाचे सेक्रेटरी होते. आनंदराव सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्या वर्षी आणीबाणी होती आणि हवेतच शिस्त आणि स्वावलंबन होते. तेव्हा संस्थेनेही 'आपले परसदार, आपल्याच हाताने' ही योजना काढली. आनंदरावांनी स्वतःच्या हाताने कमळाचे तळे केले. तळ्यात सिमेंटचा बगळा उभा केला. प्रत्यक्ष खोदकाम कचेरीतल्या चपराशांनी केले, पण कुणाला शंका राहू नये म्हणून समितीने आधीच ठराव करून ठेवला होता: 'सभासदाच्या अधिकारातील इसमांचे हात हे सभासदाचेच हात समजण्यात यावेत.' मास्तरांच्या अधिकारात आता कुणीच नव्हते. त्यामुळे त्यांचे काम समितीच्या नजरेत भरले.

आनंदराव पाहणीला आले. सोबत रुपराव होते. रुपराव समितीचे सदस्य. आनंदराव बोलले की ते मान हलवीत आणि आनंदराव थांबले की तेही थांबत.

"मास्तर, हे कोणी बांधलं?"

"मीच."

"तुम्ही म्हणजे कोणी? माणसाचं नाव सांगा ना जी."

"मधुकर. ह्या हातानं." मास्तरांनी तळवे पुढे केले.

आनंदरावांनी चष्मा लावला. तळवे उजेडात धरले.

"फोड आहेत," ते काळजीने म्हणाले. "मजुराच्या हाताले घट्टे असतात. फोड आले म्हणजे माणूस नवशिका. नवशिक्यानं बांधलेला ओटा उद्या खचला, तं जबाबदार कोण?"

"आणि घट्टे असते तर?" शामलाने विचारले.

"मंग मजूर लावला म्हणून योजनेच्या बाहेर."

"मग योजनेत बसतं कोण?"

"काहून? आम्ही सारे बसलोच आहो ना, बाई."

रुपरावांनी मान हलवली.

"तुमच्या तळ्याची नाही केली पाहणी?" मास्तरांनी भीत भीत विचारले.

"तळ्यावर कोणी बसते काय, मास्तर? बसाच्या वस्तूची भार-चाचणी करा लागते. तोवर घरच्यांनी ओट्यावर पाय ठेवू नये. चाचणीत बिघडला तं पाडता येते, वापरात बिघडला तं माणूस जाते. आणि काळजी करू नका, भार समिती स्वतः देईन. फुकट."

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी समिती भार द्यायला येऊ लागली. ओटा तापलेला असे, म्हणून मास्तर त्यावर बादल्या ओतीत. समिती तळ्याकाठी बसत नसे. तिथे डास फार होते. इथे वारा होता. शामला चहा नेऊन देई. सिंधूताई खिडकीला टेकून बसत आणि आत परतलेल्या शामलाला विचारीत.

"गार लागते काय वं?"

"लागते म्हणतात."

"लागनच. तुह्या बाबानं घोटला आहे."

आठवडाभराने समिती उठली. आनंदराव धोतर झटकत म्हणाले, "ओटा पक्का आहे. येतो आम्ही." मास्तरांचा चेहरा उजळला. त्या आनंदात त्यांच्या तोंडून, दारात आलेल्या प्रत्येक माणसाला जन्मभर म्हटले तेच निघून गेले:

"बसा ना जी! घाई काय आहे?"

आनंदराव बसले. रुपरावही बसले. इतिवृत्तात नोंद झाली: 'सभासदाच्या आग्रहावरून चाचणीस मुदतवाढ.'

सिंधूताई खिडकीत इतक्या हसल्या, की त्यांना खोकल्याची ढास लागली. दम खात त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही नं, यमदूत आला तरी त्याले चहा घेऊन जा म्हणान."

मास्तरांनी कानाला खडा लावला. मुदतवाढ संपली त्या संध्याकाळी समिती उठली, तेव्हा त्यांनी ओठ दातांत धरले. शामलाने त्यांच्याकडे पाहिले. आनंदरावांनी चपला घातल्या. कुणी काही बोलत नाही हे सिंधूताईंना आतून सहन झाले नाही. खिडकीतून आवाज आला:

"चालले काय? बसा ना घडीभर!"

ही दुसरी मुदतवाढ. ती सभासदाच्या पत्नीच्या आग्रहावरून असल्याने दुप्पट मिळाली.

एव्हाना मे उजाडला होता. आनंदरावांच्या लक्षात आले, की बसल्या माणसाचा भार वेगळा आणि झोपल्या माणसाचा वेगळा. समितीने गाद्या आणल्या, सुरया आणल्या. रुपराव घोरत असत. आनंदरावांच्या मते त्यामुळे कंपनाचीही चाचणी परस्पर होत होती. सकाळी गाद्या निघाल्या की आनंदरावांच्या पत्नी रंभाबाई कुरडया वाळत घालायला येत.

"हा दिवसाचा हलका भार आहे, पोरी," त्या शामलाला म्हणाल्या. "आमच्या घरी तं तळंच तळं. वाळवणाले जागा कुठं आहे? आणि तुह्या आईले सांग, जरा लक्ष ठेव म्हणा, कावळे येतात."

सिंधूताई खिडकीतून कावळे हाकलत. पुढेपुढे 'हाड' म्हणण्यातही त्यांना धाप लागू लागली.

एका संध्याकाळी शामलाने आईची रिकामी खाट एकटीने उचलली आणि समितीच्या मधोमध ओट्यावर आणून ठेवली.

"आईला इथं झोपू द्या," ती म्हणाली. "घरात तिचा श्वास चालत नाही."

समिती गंभीर झाली. आनंदरावांनी खाट चारी बाजूंनी पाहिली.

"बाई, आमच्या ध्यानात येऊन राहिलं तुमचं. पण खाटेले पाय आहेत. गादीचा भार पसरते. पायाचा भार एका ठिकाणी येते. अशा भाराची चाचणी अजून झाली नाही."

"मग गादीवर झोपेल."

"त्यांचं वजन किती असन?"

शामलाची नजर आपल्या हातांकडे गेली. त्या महिन्यात ती आईला एकटी उचलून कूस बदलून देत असे.

"तेच म्हणतो मी," आनंदराव हळू आवाजात म्हणाले. "एवढ्याशा वजनानं भार पडतच नाही. तेवढी जागा रिकामी गेल्यासारखी होईन आणि निकाल चुकन. चुकीच्या निकालावर आजारी माणसाले झोपवणं समितीले शोभत नाही."

"आनंदराव, उठा तुम्ही इथून," शामला म्हणाली.

कुणी उठले नाही. रुपरावांनी मान हलवायची की नाही म्हणून आनंदरावांकडे पाहिले. दारातून मास्तर घाईने पुढे आले आणि मुलीने आणलेली खाट त्यांनी एका बाजूने धरली.

"शामले, आलेल्या माणसाले ऊठ म्हणत नसतात, बाई." त्यांच्या हातावर आता घट्टे पडले होते. दोघांनी मिळून खाट आत नेली. जाता जाता आनंदराव मागून म्हणाले, "मास्तर, रात्री खोकल्याचा जरा आवाज होते. चाचणीत व्यत्यय येते. खिडकी लोटून घेत जा ना जी."

खिडकी मात्र शामलाने लोटली नाही.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्याचे सर्वांत कडक नऊ दिवस, लागला. सकाळीही लू, तापलेला झळांचा वारा, वाहू लागली. अशाच एका सकाळी रुपराव गादी गुंडाळता गुंडाळता, कुणी विचारले नसताना, पहिल्यांदाच स्वतःहून बोलले.

"आज ताईले आराम वाटते. रात्री खोकल्या नाहीत."

सिंधूताईंना आराम पडला होता.

बातमी कळताच सारी वसाहत जमली. खोली लहान, पुढे रस्ता, मागे मातीचा ढीग. तिरडी कुठे ठेवायची असा प्रश्न आला. आनंदरावांनी तो तिथल्या तिथे सोडवला. कठीण प्रसंगी ते कधी मागे राहत नसत.

"ओट्यावर घ्या. खाटेची अडचण होती. तिरडीले पाय कुठं असतात?"

सिंधूताई ओट्यावर निजल्या. मास्तरांनी सवयीने आधी बादलीभर पाणी टाकून तो गार केला होता. माणसे भोवती अवघडून उभी होती. मास्तरांनी सगळ्यांकडे एकदा पाहिले आणि म्हणाले,

"बसा ना जी."

माणसे ओट्याच्या कडेने बसली. एवढ्या माणसांचा भार ओट्याने एकाच वेळी, कुठेही तडा न जाता पेलल्यामुळे चाचणी यशस्वी झाल्याचे समितीने त्याच आठवड्यात जाहीर केले. शोकसभा ओट्यावरच झाली. स्वावलंबनावर आनंदराव फार छान बोलले.

ओटा अजून आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी तिथे कुणी ना कुणी असतेच. तुम्हीही मागे त्या बाजूला आला होता, तेव्हा टेकला होता. किती गार आहे, असे म्हणाला होता. बोलता बोलता तुमचा हात त्या गोल कोपऱ्यावरून फिरत होता. एकच कोपरा गोल का, हे काही तुम्ही विचारले नाही. आतून चहा आला, तो घेतला. मग अंधारून आले, तुम्ही उठलात, चपला शोधल्या, आणि दारात उभे असलेले म्हातारे मास्तर म्हणाले, "बसा ना जी, घाई काय आहे?"

तुम्ही बसलात.