भेकराची शुद्ध सूचना

एका जंगलात एक वाघ राज्य करीत होता आणि मुलांनो, त्याच्या गुहेत एक संगणकही होता. तो कुठून आला, हे विचारू नका. वाघ बोलतो हे तुम्ही मुकाट्याने मान्य केलंत, तसं हेही करा.

याच जंगलात धाकू नावाचं भेकर राहायचं. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं लहानसं हरीण. संकट दिसलं की धाकू टेकाडावरून भुंकायचा आणि सगळे पळायचे. घराण्यात पूर्वापार हेच काम चालत आलेलं.

पण वाघाला ते गावंढळ वाटू लागलं. त्याने हुकूम काढला, की यापुढे इशारे लेखी द्यावेत आणि शुद्ध द्यावेत. शुद्धलेखन तपासायला वानराने एक प्रोग्रॅम बसवला. शब्द चुकला की त्याखाली लाल रेघ उमटे. लाल रेघ असलेला मजकूर वाघापुढे जात नसे. बिनरेघेच्या मजकुरावर वाघ न वाचताच पंजा उमटवी.

प्रोग्रॅम चांगला होता, पण जड होता आणि संगणक जुना. एक ओळ तपासेपर्यंत वाघाची दुसरी डुलकी होई.

"त्याच्या यादीतले थोडे शब्द कमी केले तर हलका होईल," वानर म्हणाला. "कोणते काढू, सरकार?"

"जे ऐकून माझी झोप उडते ते काढ."

वानराने वणवा काढला, पूर काढला, दुष्काळ, रोगराई, उपासमार, सगळं काढलं. प्रोग्रॅम डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडू लागला. सगळ्यांनी वानराची पाठ थोपटली. धाकूनेही थोपटली.

थंडी सरता सरता एका सकाळी पश्चिमेच्या उतारावर वणवा लागला. त्याच उतारावर धाकूची बायको येसू नुकतीच व्याली होती. पाडसाला अजून धड उभंही राहता येत नव्हतं. धाकूचा जीव वरखाली झाला. तरी तो आधी गुहेकडे धावला, कारण हुकूम म्हणजे हुकूम.

त्याने टाइप केलं, "पश्चिमेला वणवा लागला आहे." लगेच लाल रेघ आली.

दारातल्या तरस चिटणिसाने मान हलवली. "धाकूभाऊ, चूक आहे."

"चूक कसली, आग आहे."

"मग आग लिहून बघा."

आगीखालीही रेघ आली. धूर, ज्वाळा, होरपळ, जे लिहावं ते लाल.

"माझी येसू तिकडं आहे हो. लेकरू आहे."

"कळतंय मला. माझी मावशीही तिकडंच राहते," तरस हळहळून म्हणाला. "पण ही रेघ घेऊन मी आत कसा जाऊ? दुसरे शब्द बघा ना."

धाकूने घामाघूम होत दुसरे शब्द पाहिले. शेवटी एक वाक्य रेघेविना उमटलं : "पश्चिमेला भरपूर उजेड असून हवा उबदार आहे."

वाघाने पंजा उमटवला. कुडकुडत असल्यामुळे डुलकी लागेना, म्हणून त्याने चुकून मजकूर वाचलाही. "छान," तो म्हणाला. "चला सगळे शेकायला."

ससे निघाले, रानडुकरं पिल्लांसकट निघाली. सगळ्यांच्या पुढे वाघ. ती वरात पाहून धाकूला स्वतःच्या शुद्धलेखनाची किळस आली. तो टेकाडावर चढला आणि घसा फाटेस्तोवर भुंकला.

जनावरांचे पाय आपोआप मागे फिरले. येसूने ढुशा देत देत पाडसाला ओढ्यापार नेलं. तरसाची मावशीही निसटली. वाघाच्या मिशा तेवढ्या जळाल्या.

दुसऱ्या दिवशी धाकूला बोलावणं आलं. सत्कार असेल म्हणून येसूने त्याला चाटून चकचकीत केलं.

"तपासून न घेता भुंकलास," वाघ मिशांवर पंजा धरून म्हणाला. "लेखी खुलासा दे, नाहीतर बायकापोरांसकट जंगलाबाहेर हो."

धाकू संगणकापुढे बसला. उरलेल्या शब्दांत घडलेलं काही केल्या मावेना. संध्याकाळपर्यंत रेघेविना एवढंच उमटलं : "काल काहीही घडले नव्हते. मी उगाच ओरडलो. क्षमा असावी."

वाघ खूश झाला. जंगलातल्या सगळ्या पिल्लांना तो खुलासा शुद्धलेखनाचा नमुना म्हणून गिरवायला दिला. धाकूचं पाडसही आता तो गिरवतं आणि त्याचं अक्षर सुरेख आहे.

तात्पर्य : जळलेलं जंगल पावसात पुन्हा उगवतं, लाल रेघेचा कलंक मात्र जात नाही. म्हणून शहाण्या मुलांनी, संगणकाला जेवढे शब्द येतात, तेवढ्याच संकटांत सापडावं.