चिमणीचं अंतर

वाल्मीक तायडेंना दीपनगरच्या वसाहतीतली ती रिकामी खोली हवी होती. वीज केंद्रातली पाळी संपली की ते ताऱ्यांच्या नादी लागत, आणि त्या खोलीत 'खगोल मंडळ' काढायचं हे त्यांचं तीन वर्षांचं स्वप्न होतं. आता त्याच खोलीवर शेजारच्या पुनाभाऊंच्या कॅरम मंडळानेही अर्ज ठोकला होता. निकाल सिव्हिल विभागाच्या बाफना साहेबांच्या हाती होता.

"ताऱ्यांवर न जाता त्यांचं अंतर मोजतात, हे मला पटवून द्या," साहेब म्हणाले होते. "पटलं तर खोली तुमची. रविवारी सकाळी येतो."

तायडेंनी सोपा प्रयोग योजला. गच्चीवर साडेसोळा मीटर अंतरावर चुना फासलेले दोन दगड मांडले. मीटरभर लांब काठीच्या टोकाला फूटपट्टी आडवी ठोकली. काठीचं दुसरं टोक डोळ्याशी धरून आधी एका दगडापासून आणि मग दुसऱ्यापासून वीज केंद्राची चिमणी पाहायची. मागच्या सातपुड्याच्या सुळक्यापासून ती पट्टीवर किती सरकते ते मोजलं की अंतराचं गणित सुटलं. शुक्रवारी रंगीत तालीम झाली. चिमणी वीस मिलिमीटर सरकली, म्हणजे अंतर आठशे पंचवीस मीटर, वसाहतीच्या नकाशात होतं तेवढंच. तायडेंना त्या रात्री आनंदाने झोप लागली नाही.

शनिवारी त्यांची पहिली पाळी होती. घरी नरडाण्याहून सासूबाई, केसरबाई, वर्षभराच्या कुरडया करायला आल्या होत्या. एप्रिलचं ऊन होतं, वारा होता आणि गच्ची त्यांच्या ताब्यात होती. घरी आल्यावर वर जाऊन पाहावं, असं काही तायडेंच्या मनात आलं नाही. हा माणूस एकतर आभाळाकडे बघे, नाहीतर वहीत.

रविवारी बाफना साहेब आले. सोबत पुनाभाऊही आले, बोलावल्याशिवाय.

"साहेब, पृथ्वी सूर्याभोवती फिरते," तायडेंनी सुरुवात केली. "आज ती इकडे, तर सहा महिन्यांनी पार पलीकडच्या टोकाला. हे दोन दगड म्हणजे ती दोन टोकं, आणि चिमणी म्हणजे जवळचा तारा. दोन्हीकडून बघितलं की तो जरासा सरकलेला दिसतो. कमी सरकला तर लांब, जास्त सरकला तर जवळ."

"वा!" साहेब खूश झाले. "मोजा."

तायडेंनी एका दगडाशी उभं राहून पाहिलं, मग दुसऱ्याशी. आकडा लिहिला आणि त्यांना घाम फुटला. दहा मिलिमीटर.

"किती आलं?"

"सोळाशे पन्नास मीटर."

"चिमणी रातोरात पळाली काय हो?" पुनाभाऊंनी विचारलं.

तायडेंनी पट्टी बदलली. दहाच. काठीत दोष असेल म्हणून पुनाभाऊंच्याच गॅलरीतली पडद्याची काठी आणली, मीटरभर मोजून कापली. (पुनाभाऊ बोंबलले, पण उशिरा.) दहाच. चष्म्याचा दोष असेल म्हणून बायकोला, मंदाला, स्वयंपाकघरातून वर बोलावलं. तिने पिठाच्या हाताने काठी धरली, डोळा बारीक केला आणि म्हणाली, "दहा. जाऊ का? भाजी करपतेय."

आता माणसाने गप्प बसावं की नाही? पण घाबरलेल्या माणसाची जीभ आधी पळते. "साहेब, गणित खोटं बोलत नाही," तायडे म्हणाले. "नकाशातलंच अंतर चुकलं असेल."

"नकाशा मी काढलाय," बाफना साहेब म्हणाले.

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. "तायडे, शंभर मीटर इकडे-तिकडे झालं असतं तर मी समजून घेतलं असतं. तुम्ही दुप्पट सांगताय. उद्या ताऱ्यांचं काय करणार? पुनाभाऊ, उद्या किल्ली घेऊन जा."

तायडेंच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. तीन वर्षांचं स्वप्न कॅरमच्या सोंगट्यांखाली गेलं होतं.

तेवढ्यात केसरबाई तळलेल्या कुरडयांची ताटली घेऊन वर आल्या. "सायेब, ल्या, खा. आनि जवाईबुवा, तो दगड जरा बाजूले करा. दुपारले परत लुगडं पसरानं शे."

"दगडाला हात लावू नका, सासूबाई!" तायडे ओरडले. "ते मोजून ठेवलेत."

"तुम्ही कव्हय मोजात? ते त मी ठेवात. काल वारा सुटना व्हता. मना लुगडाना दोन्ही टोकले एकेक दगड ठेवा, नही त बठ्ठ्या कुरडया उडी जात्यात!"

साहेबांचा कुरडईचा हात तोंडाशीच थांबला. "आजी, लुगडं किती वार?"

"नऊ वार. दुसरं कोनतं राही?"

"नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर," साहेब पुटपुटले. "साडेसोळाच्या बरोबर निम्मं! म्हणजे अंतरही निम्मं. आठशे पंचवीस!" त्यांनी तायडेंच्या पाठीवर अशी थाप मारली की काठी खाली पडली. "अहो, तुमचं गणित लुगड्याइतकं पक्कं आहे! खोली तुमची."

पुनाभाऊ आपल्या कापलेल्या काठीचे तुकडे गोळा करून खाली गेले. तायडेंना साहेबांच्या पाया पडावं की सासूबाईंच्या, ते कळेना.

केसरबाईंना मात्र फार वाईट वाटलं. आपल्यामुळे जावयाची भर सभेत फजिती झाली. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं. चिमणीचं ठीक, पण ताऱ्याचं कसं?

"आज एकदा बघायचं, आजी, आणि परत सहा महिन्यांनी," साहेबांनी समजावलं. "तोवर इथली मांडामांड जागची हलता कामा नये."

केसरबाईंनी पदर खोचला. "मंग मी काही नरडाणाले जात नही. सहा महिना आठेच, तुमनाच घर राहसू. कोन्ही हात लावाले नको."

मंदाने आनंदाने आईला मिठीच मारली. त्या दोघी अंथरुणाची सोय बघायला खाली गेल्या. तायडे कठड्याला टेकले.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "त्या खोलीत एक खाट मावेल का?"

"आजींसाठी?"

"नाही," तायडे म्हणाले. "माझ्यासाठी."