कौतुकाचा तक्ता

"आज दप्तर काय सुंदर भरलंयस!" बाबा म्हणाले आणि पाचवीतली चिमी दाराशीच थबकली. तिने आधी दप्तराकडे पाहिलं, मग बाबांच्या तोंडाकडे.

"काय झालंय?"

"कुठे काय?"

"मग असं का बोलतोयस?"

बाबा विमा कंपनीत दावे तपासायचे. समोरचा खोटंच बोलतोय असं धरून चालण्याचाच त्यांना पगार होता, आणि चिमी त्यांचीच लेक. उत्तर येत असूनही ती वर्गात हात वर करत नाही, तिला स्वतःवर भरवसाच नाही, असं बाईंनी पालकसभेत सांगितलं होतं आणि बाबांच्या हाती एक तक्ता ठेवला होता. रोज तीनदा कौतुक करायचं, तीन खुणा करायच्या. बाबांना या कामाची सवय नव्हती, पण पोरीच्या काळजीने बिचारे कंबर कसून उभे राहिले.

संध्याकाळी त्यांनी भिंतीवरचं चित्र निवडलं. "घोडा झकास जमलाय हं!"

"ती आई आहे."

स्वयंपाकघरात एक पातेलं जरा जोरात आदळलं.

बुधवारी चिमीने आईला गाठलं. "मला वसतिगृहात पाठवताय ना? म्हणूनच बाबा गोड बोलतोय." आई नुसतीच हसली. म्हणजे नक्कीच! जेवताना चिमीने चकार शब्द काढला नाही. बाबा घाईघाईने म्हणाले, "किती शांत जेवतेस गं!" तशी ती हमसून हमसून रडायला लागली.

रडणं आटोपल्यावर तिने वसतिगृहाचे कागद शोधायला बाबांची बॅग उपसली आणि हाती लागलेला तक्ता घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली.

"आज वार काय?"

"बुधवार."

"मग शनिवारपर्यंतच्या खुणा कशा झाल्या? आणि सगळ्या एकदमच केल्यास. पेन संपत आलं होतं, बघ. सोमवारी शाई गडद, शनिवारी पुसट."

बाबांनी चष्मा पुसून तक्ता दिव्याखाली धरला. आपली चोरी पकडली गेलीय हे ते साफ विसरले.

"अगं, आमच्याकडे वीस-वीस वर्षं घासलेल्यांनाही हे दिसलं नसतं! काय नजर आहे तुझी!"

चिमीचे कान लाल झाले. "म्हणजे वसतिगृह नाही?"

"कसलं वसतिगृह? तुझ्यावाचून करमेल का मला?"

चिमीने तक्ता काखेत मारला.

"थांब, आईला बोलावते. दोन्ही वाक्यं तिच्यासमोर परत म्हण. साक्षीदार हवा."