निकमताईंचे छत्तीस किलो

आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाकडे पाहुणे आले, की पाणी विचारायच्या आधी निकमताई त्यांची बॅग उचलून बघतात. "साडेअकरा किलो," असं जाहीर करतात आणि मग ती घरात नेऊन ठेवतात. माझ्या जावेची पर्ससुद्धा त्यांच्या हातून सुटली नाही. "अडीच! एवढं काय घेऊन फिरतेस गं बाई?"

निकमताई माझ्या शेजारीण. वय चौपन्न, माहेर निफाडकडचं. वर्षापूर्वी एका फिजिओथेरपीवाल्या मुलीकडून त्या तीन व्यायाम शिकून आल्या. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, भिंत ढकलायची आणि जमिनीवरचं वजन पाठ सरळ ठेवून उचलायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी, पंधरा मिनिटं, बस्स. त्यांनी मलाही ओढलं. एकदा मी उत्साहात अकराव्यांदा खुर्चीतून उठले, तर खांदा धरून खाली बसवलं. "दहा म्हणजे दहा! उद्या अंग धरलं तर पोळ्या कोण लाटणार?"

"घरात गहू असताना लोखंड कशाला उचलायचं?" असं म्हणत त्यांनी जाड कापडाची पिशवी शिवली आणि तिच्यात दहा किलो गहू भरले. दर महिन्याला दोन-अडीच किलो वाढवायचे आणि दाभणाने तोंड पुन्हा शिवायचं. पिशवी बावीस किलोंवर पोचली तेव्हा घात झाला. घरातलं पीठ संपलं म्हणून निकमभाऊंनी तीच पिशवी स्कूटरवर घालून गिरणीत नेली. ताई रडवेल्या होऊन माझ्या दारात. "माझा व्यायाम दळून आणला गं यांनी!" नव्या पिशवीवर लाल मार्करने लिहिलेलं होतं, 'व्यायामाचे गहू. दळू नयेत.'

"कुठवर वाढवणार हे?" मी विचारलं.

"छत्तीस."

"छत्तीसच का?"

"पुरे तेवढे." आणि त्या भिंत ढकलायला लागल्या.

मी हे छत्तीस सगळ्या जिन्यात सांगून भरपूर हशा मिळवला.

गेल्या महिन्यात छत्तीस किलो उचलले, तेव्हा त्यांनी पेढे वाटले. दुसऱ्याच दिवशी जाऊन त्या निफाडहून भावाकडच्या आपल्या आईला घेऊन आल्या. काडीसारखी बारीक म्हातारी, पण कपाळापर्यंत पदर. माझा नवरा साधा पेपर मागायला गेला तरी पदर आणखी पुढे यायचा.

एका दुपारी ताईंची हाक आली म्हणून धावले. आंघोळ करून निघालेल्या आजी बाथरूमच्या दारात घसरून खाली बसल्या होत्या. लागलं नव्हतं, पण उठता येत नव्हतं आणि अंगावर नुसतं ओलं लुगडं. मी नवऱ्याला बोलवायला वळले.

"कोणाला बोलवू नको!" ताई ओरडल्या. "मागच्या वर्षी अशीच पडली. मी एकटीच होते तिथं, मला उचलेना. शेजारच्या मळ्यातले चार गडी बोलावले. आठ दिवस आईनं कोणाकडं मान वर करून पाहिलं नाय. दार लाव आधी."

मी दार लावलं. ताईंनी साडी खोचली, आईच्या मागे पाय रोवले, काखेतून हात घातले आणि पाठ ताठ ठेवून तिला एका दमात उभी केली. धरून धरून पलंगावर नेलं, कोरडं लुगडं नेसवलं.

"लय जड झाले का गं मी?" आजींनी घाबरत विचारलं.

"नाय आई. छत्तीसच."

मला एकदम रडू आलं. वर्षभर हसले होते, त्याची लाजही वाटली.

आजींनी पदर डोक्यावर घेतला, दोन्ही बाजूंनी नीट ओढला आणि मला म्हणाल्या, "उघड बाई आता दार."