पाचवं जनावर

कंडक्टर रिटायर झाला, पण त्याचा आवाज काही रिटायर व्हायला तयार नव्हता. घरात माणसं दोनच, तो आणि त्याची बायको. तरी साधं पाणी मागितलं तरी ते शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जायचं. सगळी नोकरी त्याने दांडीला धरून उभ्याने काढली होती आणि एकाही प्रवाशाला कधी 'जागा नाही' म्हटलं नव्हतं, ही त्याची सगळ्यात मोठी फुशारकी.

"गाडी कधी भरत नसते!" तो सांगायचा. "लोक नीट उभे राहत नाहीत, एवढंच!"

असा माणूस गावाला जाणाऱ्यांची पाळीव जनावरं घरी सांभाळायचं ठरवतो, तेव्हा पुढे काय होणार हे शेंबडं पोरही सांगेल. बायको तर चांगली शहाणी बाई होती. ती लोकांच्या घरांचे पडदे शिवायची. अर्धा हॉल तिच्या मशीनने आणि कापडाच्या ताग्यांनी भरलेला.

"एक," ती म्हणाली. "एका वेळी एकच जनावर."

"एक? अगं, एका प्रवाशासाठी कुणी गाडी काढतं का?"

"बरं, दोन."

"दोन म्हणजे नुसते ड्रायव्हर आणि कंडक्टर! पॅसेंजर कुठंयत?"

अशी घासाघीस होत होत आकडा चारवर आला. तिथे बायकोने कात्री टेबलावर आपटली. "चार! आणि पाचवं जनावर या उंबऱ्याच्या आत आलं ना, तर मी मशीन उचलून थेट बहिणीकडे!"

ते मशीन सरकवायलाही दोन धडधाकट माणसं लागायची. म्हणजे बाई निकरावर आली होती! कंडक्टरने छाती फुगवून "कबूल!" म्हटलं. जणू चारचा आकडा त्यानेच सुचवला होता.

सुट्ट्या लागल्या. इमारतीतली पोरंबाळं आपापल्या आजोळी पांगली आणि कंडक्टरचं घर बघता बघता भरलं. दंतवैद्याचा कुत्रा आला. अंगाने वासराएवढा आणि मनाने मुंगीएवढा. लायब्ररीतल्या बाईंची मांजर आली. तिने पहिल्याच दिवशी शिलाई मशीनवर मुक्काम ठोकला आणि कुत्र्याकडे एकदाच बघितलं. तेव्हापासून कुत्रा बाथरूममध्ये राहायला गेला. एक ससा आला, तो कापडाखाली शिरला. कधी कुठला तागा चालायला लागेल याचा नेम राहिला नाही. आणि चौथा, खरं तर या सगळ्यांच्या आधी येऊन बसलेला, एका रिटायर्ड जजसाहेबांचा करडा पोपट.

"बोलतो का?" कंडक्टरने विचारलं.

"एक अक्षर नाही," जजसाहेब उसासा टाकून म्हणाले. "आमच्याकडे सगळे ऐकूनच घेतात ना."

इंजिनाच्या धडधडीने कंडक्टरचे कान जरा मंदावले होते, म्हणून तो फोन स्पीकरवर टाकूनच बोलायचा. फोन पोपटाच्या पिंजऱ्याशेजारी. आता चार झाल्यावर नाही म्हणायचं ठरलं होतं. पण चार व्हायच्या आधी आलेल्या प्रत्येक फोनवर तो गरजला होता, "जागा आहे! आणा!" ते कुणीतरी फार मन लावून ऐकत होतं.

एका सकाळी बायको पडदे पोचवायला गेली आणि फोन वाजला.

"जनावरं सांभाळता ना तुम्ही?" पलीकडे माणूस घाईत होता. "आमची बाहुली आहे. लहान चणीची. फार शांत. गवत खाते, बाकी काही नाही. ठेवून घ्याल का?"

कंडक्टर तोंड उघडणार, तेवढ्यात मांजर आळस देत बाथरूमच्या दिशेने निघाली. आतून कुत्र्याने असा हंबरडा फोडला की बादली, तांब्या आणि साबणाची वडी एकदमच खाली आली! कंडक्टर धावला. आणि मागे, रिकाम्या हॉलमध्ये, पोपटाने आयुष्यातलं पहिलं वाक्य उच्चारलं.

"जागा आहे! आणा!"

"वा! देवासारखे भेटलात!" फोन म्हणाला आणि बंद झाला.

कुत्रा साबणाने बरबटला होता, तेव्हा कंडक्टरने त्याला आंघोळच घालायला घेतली. अंगभर फेस, वर कुत्र्याने मारलेली मिठी, अशा अवस्थेत दाराशी हाक आली. "अहो, आणलंय! कुठे ठेवू?"

कुत्र्याच्या खाण्याचं पोतं आज येणार होतं. कंडक्टर आतूनच ओरडला, "ठेवा तिथेच, आत! सरकवा भिंतीकडे!"

"बांधून ठेवू का?"

'काय काळजीवाहू दुकानदार!' कंडक्टरला गहिवरून आलं. "बांधा, बांधा! आणि जाताना दार ओढून घ्या!"

"येतो मग! माझी गाडी चुकेल!"

थोड्या वेळाने बायको परतली. तिने दार उघडलं, ते तसंच अर्धवट धरून ती उभी राहिली. मग फार शांत आवाजात म्हणाली, "अहो, हॉलमध्ये काय आहे?"

"पोतं आहे गं, कुत्र्याच्या खाण्याचं!"

"पोत्याला शेपटी आहे!"

कंडक्टर फेसासकट बाहेर आला. खिडकीच्या गजाला एक तपकिरी, बुटकी, म्हातारी घोडी बांधलेली होती आणि ती बँकेच्या मॅनेजरबाईंचा फुलाफुलांचा पडदा अगदी चवीने खात होती!

दुसरा कुणी असता तर हात जोडले असते. पण कंडक्टरचं एक होतं. चूक झाली की त्याचा आवाज आणखी चढायचा. "आली तर आली!" तो म्हणाला. "दारात आलेल्याला मी परत पाठवत नाही! आणि तू चार म्हणालीस ते घरातल्या जनावरांबद्दल. घोडी घरातलं जनावर आहे का?"

"मग घरात काय करतेय?"

तेवढ्यात दारावर थापा पडल्या. खालच्या मजल्यावर इमारतीचे सेक्रेटरी राहायचे. हँगरला शर्ट अडकवावा तशी अंगकाठी, पण नियम सगळे तोंडपाठ. "वर कोण लाकडं फोडतंय? माझ्या छताचा..." एवढं बोलतात तोच त्यांना घोडी दिसली. पुढचा शब्द घशातच अडकला. तो सुटला तेव्हा बाकीचे शब्दही धबाधबा आले. "बास! आजच्या आज सगळी जनावरं बाहेर! कुत्रं, मांजर, पोपट, सगळं! इमारत आहे की सर्कस?"

कंडक्टर बाह्या सरसावून पुढे झाला. पण त्याला बाजूला सारून बायकोच उभी राहिली. हातात अजून अर्धा खाल्लेला पडदा.

"एकही हलणार नाही!" ती म्हणाली. "रिटायर झाल्यापासून हा माणूस या खिडकीत बसून नुसत्या येणाऱ्या-जाणाऱ्या बस बघायचा. दिवसच्या दिवस. जेवायला हाक मारली तर दचकायचा. आता सकाळी उठून कुत्र्याशी भांडतो, सशाच्या मागे धावतो. माझं डोकं उठवतो, उठवू दे! चारांना मी हो म्हटलंय, चार राहतील!"

कंडक्टर तिच्याकडे बघतच राहिला. कानाच्या पाळीवरून फेस ओघळला, तोही त्याने पुसला नाही.

"आणि घोडी?" सेक्रेटरींनी जरा आवाज उतरवून विचारलं.

"घोडी जाईल खाली. कशी, ते तेवढं कुणीतरी सांगा."

कारण घोडी जायला तयार नव्हती! कंडक्टरने दोर ओढला, बायकोने मागून ढकललं. सेक्रेटरी "हट्, हट्" म्हणाले. घोडीचा कानही हलेना. गाजर दाखवलं, तर पाय जिथल्या तिथे ठेवून तिने मान लांबवली आणि गाजर खाल्लं. शेवटी मघाच्याच नंबरवर फोन लावला. बसच्या खडखडाटात घोडीवाल्याचा आवाज आला, "अहो, बागेत पोरांना फेऱ्या मारते ती! पाठीवर कुणी बसल्याशिवाय पाऊल उचलत नाही!"

"मग वर कशी आली?"

"मी बसून आलो ना! मी केवढा, मूठभर! जड माणूस मात्र नको हं, म्हातारी झालीय!" आणि फोन कटला.

आधी पाठीवर पडद्यांचं गाठोडं टाकून पाहिलं. घोडीने मान वळवली आणि गाठोड्याचं एक टोक खाल्लं. पोरं तर सगळी आजोळी. कंडक्टर म्हणजे तांदळाची कोठी, बायकोही खात्यापित्या घरची. दोघांच्या नजरा एकदमच सेक्रेटरींकडे वळल्या.

"मी?" सेक्रेटरी दोन पावलं मागे सरकले. "मी या इमारतीचा सेक्रेटरी आहे!"

"घोडी खाली हवीय ना तुम्हाला?" बायको म्हणाली. "मग बसा!"

सेक्रेटरी बसले. डोळे गच्च मिटले, आयाळ दोन्ही मुठींत धरली आणि घोडी लगेच निघाली! पुढे दोर धरून कंडक्टर उलट्या पावलांनी, मागे बायको. "सावकाश! पायरी आहे! आणखी एक पायरी आहे!" घोडी एखाद्या नव्या नवरीसारखी एकेक पाऊल टाकत जिना उतरली. खाली अंगणात माणसं जमली होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. कंडक्टरने विजयाने दोर सोडून दोन्ही हात वर केले.

घोडीने शांतपणे अंगणाला एक वळसा घातला, जिन्याकडे वळली आणि सेक्रेटरींना घेऊन पुन्हा वर गेली.

सगळे मागे धावले. घोडी हॉलमध्ये, खिडकीजवळ, बरोब्बर मघाच्या जागी उभी. पुन्हा फोन. "फेरी सुरू होते तिथेच संपते, साहेब! खाली पोचल्याबरोबर माणसाला उतरवायचं, की ती थांबते! एवढंही ठाऊक नाही, आणि जनावरं सांभाळता?"

आता स्फोट होणार म्हणून सगळे श्वास रोखून उभे. सेक्रेटरींनी कॉलर नीट केली. घोडीच्या मानेवर हलकेच हात फिरवला. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "मघाशी डोळे मिटले होते मी. काही दिसलंच नाही." आणि जरा थांबून, "चला."

या वेळी ते ताठ बसले होते. खाली पोचताच उतरले, पण उतरायला त्यांनी थोडा वेळ लावला.

कंडक्टरने मनात एक जंगी भाषण जुळवून ठेवलं होतं. ते आता त्याने बाहेर काढलं. "सेक्रेटरीसाहेब! कान उघडे ठेवून ऐका! मी एकही जनावर कमी करणार नाही! तुम्ही मीटिंग बोलवा, नोटीस लावा..."

"कोण म्हणतंय कमी करा?" सेक्रेटरी दोर हातात घेत म्हणाले. "वरचे चार तुमचे. ही खाली राहील, माझ्या गाडीच्या जागेवर. मी संध्याकाळी हिला जरा फिरवून आणेन म्हणतो."

भांडायला समोर कुणी उरलंच नाही! कंडक्टरचा हात हवेत तसाच राहिला. मॅनेजरबाईंना काय सांगायचं याचा विचार करत बायको म्हणाली, "चला वर. कुत्रा एकटा आहे."

"नाही येत," कंडक्टर म्हणाला.

"आता काय झालं?"

"सगळी नोकरी उभ्याने गेली. लोक बसले, मी उभा. आज मलाही बसायचंय."

"अहो, तो माणूस म्हणाला ना, जड..."

"मी कुणाचं ऐकत नसतो!" असं म्हणून कंडक्टरने पाय टाकला आणि बसला. घोडीने मान वळवून त्याला खालपासून वरपर्यंत एकदा नीट पाहिलं. मग पुढचे पाय दुमडले, मागचे दुमडले आणि ती निवांत जमिनीवर बसली. कंडक्टरचे दोन्ही तळपाय फरशीला टेकले.

"मी उतरणार नाही!" तो गरजला.

"नकाच उतरू," बायको म्हणाली. "तुमच्यासाठी तीच उतरलीय."